नाग नदी सिरोंच्याला जाते

लहानपणी सिरोंचा हे एखाद्या गावाचं नाव आहे हे मला माहीतच नव्हतं. नागपूरला रविनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो आणि तिथे हा शब्द मोठ्यांच्या तोंडून नेहमी आवाज खाली आणून यायचा. कुणाचा साहेबाशी वाद झाला की शेजारचे काका म्हणायचे, "सांभाळून ऱ्हाय बापा, सिरोंच्याला टाकतीन." कुणी एखाद्या कागदावर सही करायला नाही म्हटलं की, "आता याचं सिरोंचा झालं समजा." माणसांना तिथे 'पाठवत' नसत, 'टाकत' असत. त्यामुळे सिरोंचा म्हणजे एखादी खोल विहीर असावी असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

१९८७ च्या उन्हाळ्यात ती विहीर आमच्या घरात आली. बाबांची बदली झाली. मी आठ वर्षांची होते. आठवतं ते एवढंच की आई दोन दिवस नीट जेवली नाही. बाबा रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुणाकुणाच्या घरी जायचे आणि रात्री उशिरा परत यायचे. मग डॉक्टरचं एक सर्टिफिकेट आलं, कुणीतरी मुंबईला फोन केला आणि बदली रद्द झाली. आईनं टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला.

पण जागा तर भरायचीच होती. बाबांच्याच हाताखाली काम करणारे एक जण गेले. त्यांच्यासाठी मुंबईला फोन करणारं कुणी नव्हतं. आमच्याच ओळीत, चार दारं सोडून राहायचे. बायको आणि मुलगी इथेच राहिल्या. मुलगी माझ्याच वर्गात होती. ते दिवाळीला आले तेव्हा हिवतापानं काळे पडले होते, पण येताना मुलीला तेलुगू आकडे शिकवून गेले, आणि तिनं ते मला शिकवले. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. लंगडी खेळताना आम्ही दोघी तसंच मोजायचो. चार वर्षांनी ते परत आले, क्वार्टर सोडून गेले आणि संबंध संपला. आमच्या घरी त्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही चौघं कॉलेजचे मित्र नागपूरला जमलो. दरवर्षी एकदा जमतो, कुठेतरी जातो. या वेळी कुठे जायचं यावर ताडोबा आणि पचमढीच्या मध्ये घोळ चालला होता, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "सिरोंच्याला जाऊ या." गाडी ज्याची, तो मित्र पक्का नागपूरचा. तो माझ्याकडे पाहतच राहिला. "काऊन बे? काय गुन्हा केला आपण?" तेव्हा कळलं की ही विहीर फक्त रविनगरात नव्हती.

बाबांना सांगितलं. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पेपर वाचत होते. चष्म्यावरून पाहून इतकंच म्हणाले, "रस्ता झाला का आता?"

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं खालचं टोक, तेलंगणाच्या सीमेवरचं. नागपूरहून पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. पहाटे निघालो. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. भिवापूरला चहा घेतला तेव्हा उजाडत होतं. ब्रह्मपुरीच्या आसपास रस्त्याच्या कडेनं झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचे फलक दिसायला लागले. दिवाळीपासून होळीपर्यंत इकडे रात्रभर नाटकं चालतात, वडसा हे त्यांचं मोठं केंद्र. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो, मंडई म्हणजे गावची जत्रा असो, नाटक हवंच. आमच्यातली डॉक्टरीण मूळची अमरावतीची, आता पुण्यात असते. तिला हे नवीन होतं. रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपणारं नाटक, समोर हजारोंच्या संख्येनं घोंगड्या पांघरून बसलेली माणसं, हे ऐकून ती म्हणाली की आपल्याकडे रंगभूमी जगवायची म्हणून किती परिसंवाद होतात.

ब्रह्मपुरीहून आरमोरीकडे जाताना वैनगंगा लागते. पुलावर आम्ही थांबलो. चौथा मित्र नाशिकचा. त्याच्यासाठी नदी म्हणजे एकच, गोदावरी. रामकुंड, त्र्यंबक, कुंभमेळा, हे त्याच्या बोलण्यात येतंच येतं. त्यानं वैनगंगेचं पात्र पाहिलं आणि विचारलं, "ही कुठून येते?"

गाडीवाल्यानं जे सांगितलं ते मला आजवर कधी सुचलं नव्हतं. शिवनीहून येते, बालाघाट, भंडारा करत. पण हिच्यात आपली कन्हान मिळते, आणि कन्हानमध्ये आपली नाग नदी. म्हणजे अंबाझरीकडून निघून सीताबर्डी, महाल करत शहरभराचं सांडपाणी पोटात घेऊन जाणारी नाग इथून, या पुलाखालून जाते. पुढे चपराळ्याला वैनगंगेला वर्धा भेटते, तिथून दोघींचं मिळून नाव होतं प्राणहिता. आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते.

"म्हणजे आपल्या बेसिनमधलं पाणी," डॉक्टरीण म्हणाली.

"सिरोंच्याला जातं," तो म्हणाला. "रोज."

पुढचे दोन दिवस हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. माणसं तिथे जायला घाबरत होती, आणि पाणी रोज जात होतं.

गडचिरोली मागे पडलं. चामोर्शीहून थोडं आत मार्कंड्याला गेलो. वैनगंगेच्या काठावर दगडी देवळांचा समूह आहे आणि इथे नदी वळून उत्तरेकडे वाहते. भिंतींवरची शिल्पं इतकी बारीक की डॉक्टरीण प्रत्येक मूर्तीच्या हाताची बोटं मोजत राहिली. मुख्य देवळाच्या डागडुजीचं काम कित्येक वर्षं रखडलेलं, मोकळे दगड मांडून ठेवलेले. हे पुण्याजवळ असतं तर असं पडून राहिलं असतं का, हा प्रश्न मला तिथे पडला आणि पुढे प्रत्येक थांब्यावर पडत गेला.

आष्टीपासून आलापल्लीपर्यंतचा रस्ता सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी व्यापलेला. लाल धूळ रस्त्यावर, झाडांवर, घरांच्या कवेलूंवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर. एका गावात शाळा सुटली होती आणि पोरं तोंडाला रुमाल बांधून रस्त्याच्या कडेनं एका ओळीत चालत होती. आम्ही गाडीच्या काचा वर केल्या. ती पोरं काय वर करणार?

आलापल्ली म्हणजे सागवान. इथल्या जुन्या जंगलाचा एक तुकडा 'वनवैभव' म्हणून राखून ठेवलेला आहे, २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. आत गेल्यावर चौघंही गप्प झालो. दोघांच्या कवेत मावणार नाहीत असे सागाचे बुंधे, आणि फांदी फुटायच्या आधी सरळ वर गेलेला सोट. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच पट्ट्यातलं सागवान गेलं, तेव्हा पेपरात मिरवणुकीचे फोटो होते. इंग्रजांच्या काळापासून इथलं लाकूड जातंय. मग तेंदूपत्ता, मग बांबू, आता लोखंडाचा दगड. इथून बाहेर जाणाऱ्या गोष्टींसाठी वाट नेहमी सापडली.

आलापल्लीनंतर शंभर किलोमीटर. रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा, बामणी. या रस्त्याबद्दल मी खूप ऐकलं होतं, आणि ऐकलेलं खरं होतं. कुठे एकदम नवा गुळगुळीत काँक्रीटचा पट्टा, कुठे दोन्ही बाजू उकरून ठेवलेल्या, कुठे डांबराचं फक्त नाव उरलेलं. या शंभर किलोमीटरला आम्हाला जवळजवळ चार तास लागले. मध्ये पोलिसांच्या चौक्या, काटेरी तारा, वाळूची पोती. एका चौकीवर गाडी थांबवून एका तरुण जवानानं विचारलं, कुठे चाललात. सिरोंचा. काम? काही नाही, पाहायला. त्यानं पुन्हा विचारलं, "पाहायला?" आणि मग हसून हात हलवला. तो सांगलीकडचा होता, बोलण्यावरूनच कळलं.

उमानूरच्या पुढे टायर पंक्चर झालं. चाक बदलेपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात एक लालपरी आणि तीन मोटरसायकली, एवढीच वाहतूक. एका मोटरसायकलीवर नवरा, मध्ये आजारी म्हातारी, मागे बायको. म्हातारीला पडू नये म्हणून ओढणीनं नवऱ्याच्या पाठीशी बांधलेलं. डॉक्टरीण धावत पुढे गेली, थांबवलं, नाडी पाहिली. ताप होता, श्वास बरा होता. तिनं आपल्या पिशवीतल्या गोळ्या दिल्या आणि कुठे चाललात विचारलं. "अहेरी." सकाळी निघाले होते. गाडी पुढे गेल्यावर ती कितीतरी वेळ रस्त्यातच उभी होती. नंतर गाडीत बसल्यावर म्हणाली, "या खड्ड्यांतून तिला नेणं हाच एक आजार आहे."

संध्याकाळी सिरोंच्यात शिरलो. मी काय कल्पना केली होती कुणास ठाऊक. छोटंसं, उन्हानं भाजलेलं, पण गजबजलेलं बाजारगाव. दुकानांच्या पाट्या मराठीत आणि तेलुगूत. एका अंगणात लाल मिरची वाळत घातलेली, तिचा खाट गाडीतच नाकात गेला. पोरं क्रिकेट खेळताना आउटवर तेलुगूत भांडत होती आणि अंपायरशी मराठीत.

लॉजवर सामान टाकून एका खानावळीत गेलो. चालवणारी बाई साठीच्या पुढची, सगळे तिला अम्मा म्हणत होते. आम्हाला पाहून तिनं आधी विचारलं, "तिन्नारा?" मग आमचे चेहरे पाहून मराठीत, "जेवले का?" आणि उत्तराची वाट न पाहता ताटं मांडत गेली. मांडताना मोजत होती. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु...

"ऐदु," माझ्या तोंडून निघालं.

तिनं वर पाहिलं. "पाच कोण? चार आहेत तुम्ही."

मला काही बोलता येईना. सदतीस-अडतीस वर्षांनी तो आकडा माझ्या जिभेवर आपोआप आला होता, लंगडीच्या उडीसारखा. भात, पप्पू म्हणजे तिकडचं वरण, वांग्याची भाजी, आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरचीची चटणी. तिनं माझ्या डोळ्यांचं कारण चटणी धरलं आणि ताक वाढलं.

रात्री लॉजच्या गच्चीवर मी तिघांना सगळं सांगितलं. बदली, सर्टिफिकेट, चार दारांपलीकडचे काका. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. नाशिककर म्हणाला, "तुझ्या बाबांनी जे केलं ते कुणीही केलं असतं." हे खरं आहे, आणि त्यानं मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकडे गेलो. काठावर इंग्रजांच्या काळचं जुनं विश्रामगृह आहे, जाड भिंती, उंच छत, समोर प्राणहितेचं रुंद पात्र. हे इथे का बांधलं असेल, याचं उत्तर सिरोंच्याच्या इतिहासात आहे आणि ते मला घरी कुणी सांगितलं नव्हतं. १८६० साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि मध्य प्रांतात 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा झाला. त्याचं मुख्यालय सिरोंचा. म्हणजे एके काळी हे जिल्ह्याचं ठिकाण होतं, साहेब इथे बसायचा आणि बाकीचे लोक लांबून इथे यायचे. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला, सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला तेव्हा ते त्याच्या खालच्या टोकाला आलं. गाव जागचं हललं नाही, मोजायची जागा तेवढी हलत गेली.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. आर्थर कॉटन या इंजिनिअरनं राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर मोठा बंधारा बांधला होता. त्याच्या डोक्यात होतं की वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलगाडीनं मुंबईला नेण्यापेक्षा वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा नावेनं थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा. अडचण होती ती खडकांच्या तीन अडथळ्यांची. दुम्मागुडेम, इंचमपल्ली, आणि तिसरा वर प्राणहितेत देवलमरीजवळ. कालवे खणले, बंधारे घातले, माणसं तापानं मेली. तोवर रेल्वे नागपूरला पोचली होती. १८७१ मध्ये काम सोडून दिलं. काठावर बसून मी विचार करत होते, ती योजना तडीस गेली असती तर सिरोंचा हे विदर्भाचं बंदर झालं असतं. समुद्राकडे जाणारा प्रत्येक गठ्ठा या विश्रामगृहासमोरून गेला असता, आणि नागपूरच्या बाबूंनी इथे बदली मिळावी म्हणून वशिला लावला असता.

घाटावर एक म्हातारे काका जाळं नीट करत बसले होते. बोलता बोलता कळलं की ते पूर्वी डोंगा चालवायचे. पूल होण्याआधी पलीकडे काळेश्वरला जायचं तर डोंग्यातूनच. माणसं, सायकली, मोटरसायकली, बकऱ्या, लग्नाची वऱ्हाडं. आता गोदावरीवर पूल आहे, वर प्राणहितेवरही आहे, पातागुडमकडे इंद्रावतीवरही झाला. डोंगा उलटा करून ठेवलेला दाखवला, त्याच्या तळाला गवत उगवलं होतं.

नाशिककर हळहळला. "म्हणजे तुमचा धंदा गेला."

काका थांबले. सुई जाळ्यात तशीच ठेवली. "धंदा गेला. पण सुनेला रात्री दोन वाजता कळा आल्या, भाद्रपदात. आधीचे दिवस असते तर सकाळची वाट पाहावी लागली असती, पाणी उतरायची वाट पाहावी लागली असती. माझ्या बहिणीच्या वेळी पाहिली होती." बहिणीचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. "पूल होता म्हणून गाडी वरंगळला गेली. नात आता शाळेत जाते."

दवाखाना वरंगळचा, रेल्वे मंचेरियलची, लग्नाची खरेदी तिकडची, मिरची तोडायला मजूर तिकडे जातात. हैदराबाद इथून नागपूरपेक्षा जवळ. आणि सातबारा, शाळेचा दाखला, मतदान, बस यांच्यासाठी तोंड गडचिरोलीकडे करायचं, त्या शंभर किलोमीटरमधून. काकांना मी विचारलं, तुम्हाला लांब वाटत नाही का इथे. त्यांना प्रश्नच कळला नाही. "कशापासून?" त्यांनी विचारलं.

गावात चहाच्या टपरीवर एक निवृत्त मुख्याध्यापक भेटले. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, फक्त वाक्याच्या शेवटी एक तेलुगू हेल. ते म्हणाले, "इथे रुजू होणारा प्रत्येक माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, इथून बदली कशी होते? डॉक्टर विचारतो, शिक्षक विचारतो, इंजिनिअर विचारतो. आम्ही म्हणतो, बसा साहेब, आधी चहा तर घ्या." ते हसले नाहीत. "ज्याला शिक्षा म्हणून पाठवलं तो मन लावून काम कसं करणार? आणि शिक्षा त्याला झाली की आम्हाला, हे ठरवायचं कुणी?"

मी त्यांना सत्त्याऐंशीच्या सुमारास नागपूरहून आलेल्या एका माणसाबद्दल विचारलं. खातं सांगितलं, वर्णन सांगितलं, चार वर्षं होते म्हटलं. त्यांनी खूप आठवायचा प्रयत्न केला. "असे बरेच आले, ताई. काही चांगलेही होते."

दुपारी वडधमला गेलो. तिथे जीवाश्म राखून ठेवलेले आहेत, झाडांचे दगड झालेले ओंडके जमिनीवर आडवे पडलेले, सालीच्या रेषांसकट. या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातच बारापासॉरस या प्रचंड डायनासोरची हाडं सापडली. मांडीचं हाडच माणसाच्या उंचीचं, म्हणून 'बारा पा', बंगालीत मोठे पाय. १९७५ साली रवींद्रनाथांच्या नावे त्याचं बारसं झालं, आणि सांगाडा आज कोलकात्याच्या संग्रहालयात उभा आहे. डॉक्टरिणीनं एका ओंडक्यावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. म्हणाली, गार आहे, पण दगडासारखा गार नाही.

संध्याकाळी पुलावरून पलीकडे काळेश्वरला. गाभाऱ्यात एकाच पीठावर दोन लिंगं, एक यमाचं, एक शिवाचं. त्यातल्या मुक्तेश्वराच्या लिंगाला दोन छिद्रं आहेत, त्यात ओतलेलं पाणी जमिनीखालून थेट संगमाला जातं अशी श्रद्धा. तेलुगू मुलखाच्या नावाचं मूळ सांगताना जी तीन लिंगं सांगतात, त्रिलिंग, त्यातलं हे एक. देऊळ पाहून आम्ही खाली संगमावर उतरलो.

नाशिककर सगळ्यांच्या पुढे होता. त्र्यंबकला अंगठ्याएवढी धार पाहिलेली, रामकुंडावर आजोबांच्या अस्थी सोडलेल्या. त्याला आपली गोदावरी इथे समुद्रासारखी दिसेल असं वाटत होतं. त्यानं एका स्थानिक पोराला विचारलं, गोदावरी कुठली? पोरानं वरच्या बाजूला बोट दाखवलं. तिकडे लांबच लांब वाळू होती, आणि वाळूत एक बारीक चमकती रेघ.

तो काही वेळ बोललाच नाही. जायकवाडी, विष्णुपुरी, श्रीरामसागर, येल्लमपल्ली, एकेका धरणात आपलं पाणी ठेवत ती इथे पोचते तेव्हा उन्हाळ्याच्या आधीच थकलेली असते. आणि डावीकडून भरलेली, निळसर, रुंद येत होती ती प्राणहिता. तिच्यात वैनगंगा होती, वर्धा होती, पैनगंगा, कन्हान, आणि कुठेतरी आमची नाग. इथून पुढे समुद्रापर्यंत नाव गोदावरीचं, पण जानेवारीत पाणी बहुतेक विदर्भाचं.

या पाण्यासाठीच खाली मेडीगड्ड्याला पंच्याऐंशी दारांचा बंधारा उभा राहिला. २०१९ च्या जूनमध्ये त्याचं उद्घाटन झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. मधल्या काळात फुगवट्याचं पाणी सिरोंच्याकडच्या शेतांत शिरलं, २०२२ च्या जुलैत तर पुरानं तालुक्यातली गावंच्या गावं उठवली. मुख्याध्यापकांनी सकाळी सांगितलं होतं की कपाशी उभी होती ती कुजलेल्या काड्यांसारखी दिसत होती. मोबदल्यासाठी लोक किती दिवस उपोषणाला बसले तेही सांगितलं होतं. माझ्या पेपरात ते आतल्या पानावर आलं असेल. मी वाचल्याचं मला आठवत नाही.

मी पाण्यात पाय सोडून बसले. पाणी स्वच्छ होतं. खालचे गोटे दिसत होते. आम्ही वरून जे जे सोडतो ते इतक्या लांब येईपर्यंत वाळूनं, दगडांनी, जंगलानं कसं कुठे ठेवून घेतलं असेल? शिक्षेची माणसं आणि गटाराचं पाणी, दोन्ही आम्ही इकडेच पाठवलं. आणि इथे अम्मा अनोळखी माणसाला दारात पाहून पहिला प्रश्न विचारते, जेवलात का.

सूर्य टेकला तेव्हा प्राणहिता तांब्याच्या रंगाची झाली आणि गोदावरीकडची वाळू राखी. पलीकडच्या काठावर विश्रामगृहाच्या बाजूला दिवे लागले.

निघायच्या सकाळी अम्माकडे इडली खाल्ली. पैसे देताना मी "येतो" म्हटलं. तिनं विचारलं, तुम्ही पण 'जातो' म्हणत नाही? आमच्यात 'पोयोस्ता' म्हणतात, जाऊन येतो. मग डब्यात चटणी भरून दिली.

परतीचा प्रवास लवकर उरकला असं वाटलं, तरी नागपूरला पोचायला रात्रीचे नऊ वाजले. नाग नदीच्या पुलावर सिग्नलला गाडी थांबली. काचा खालीच होत्या. तो वास आला, जो आम्हाला लहानपणापासून येत नाही इतका सवयीचा आहे. चौघांनाही आला. गाडीवाल्यानं काच वर केली नाही.

बाबा जागे होते. मी चटणीचा डबा टेबलावर ठेवला, पाय धुतले, त्यांच्यासमोर बसले. त्यांनी प्रवासाचं विचारलं, टायरचं विचारलं. मग पेपरची घडी घालता घालता म्हणाले, "रेस्ट हाउसच्या व्हरांड्यातून सूर्य नदीतच बुडताना दिसतो नं?"

"हो."

"अन् गोदावरीत वाळूच असते. पाणी सगळं आपल्याकडचं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गडचिरोलीच्या पुढे आयुष्यात कधी गेलेले नाहीत.

"पत्रं यायची त्याची," ते म्हणाले. "ऑफिसच्या पत्त्यावर. पहिल्या वर्षी तीन आली." घडी घातलेला पेपर त्यांनी पुन्हा उघडला आणि पुन्हा घडी घातली. मग डब्याकडे बोट दाखवून विचारलं, फार तिखट आहे का, आणि आईला हाक मारून थोडा भात गरम करायला सांगितला.